साहेबाची पृथ्वीप्रदक्षिणा आणि माझी जबानी

माझं लग्न एका देवमाशामुळे जमलं.

हे नीट समजायला आधी एक सिनेमा सांगावा लागेल, आणि सगळी भानगड तिथेच आहे.

मी वाढले अंबरपेठेत. कॉलेजात असताना आम्ही तिघी मैत्रिणी एकदा अर्थशास्त्राचा तास चुकवून सिकंदराबादला सकाळच्या खेळाला गेलो. जुना, भव्य, रंगीत इंग्रजी सिनेमा पुन्हा लागला होता. एक तिरसट इंग्रज साहेब. त्याला डॉक्टर सांगतो, हवा बदला. साहेब इतका हट्टी, की एका गावची हवा त्याला पुरत नाही. तो थेट पृथ्वीप्रदक्षिणेला निघतो. बरोबर त्याचा लठ्ठ स्वयंपाकी. बोट, आगगाडी, उंट, सगळं होतं. मला चारातला एक शब्द कळत होता, पण त्याने काही अडत नव्हतं. लोक हसले की मीही हसत होते. शेवटी दोघे हत्तीवरून नदी पार करतात, हत्ती मध्येच बसतो, साहेब गळ्यापर्यंत पाण्यात, डोक्यावर मात्र छत्री धरलेली. आणि इंटरव्हल.

आम्ही समोसे आणायला बाहेर आलो, तर रांगेत पुढे माझा मामा. भर कामाच्या दिवशी, ऑफिसची पिशवी काखेत घेऊन. (मला बघून मामाच जास्त घाबरला असता, हे मला पुढे अनेक वर्षांनी सुचलं. त्या वेळी नाही.) आम्ही तिघी बाजूच्या दाराने जे निसटलो, ते थेट बसमध्ये जाऊन बसलो.

तात्पर्य, मी अर्धा सिनेमा पाहिला. माझी यात एवढीच चूक.

दोन वर्षांनी तारनाक्याचे लोक मला बघायला आले. मुलगा श्रीकांत, बँकेत. मुलाची आई, हातात रुमाल घेऊन गप्प बसलेली. आणि मुलाचे वडील, अप्पा. अप्पा जिल्हा कोर्टात पेशकार होते. पेशकार म्हणजे न्यायाधीशांच्या शेजारी बसून सगळ्या मिसली, म्हणजे खटल्यांची कागदपत्रं, हाताळणारा, सगळ्या साक्षी ऐकणारा माणूस. शिक्षण निजामाच्या काळात उर्दूतून झालेलं, त्यामुळे मराठीसुद्धा हुकूमनाम्यासारखं बोलत. त्यांचा एक दावा होता: “जिंदगीभर साक्षीदार बघितले. खोटं बोलणारा माणूस मी चप्पल काढतानाच ओळखतो.”

मी आत आले तेव्हा चप्पल घातलेलीच नव्हती. तिथेच त्यांची गफलत झाली असणार.

“छंद?” अप्पांनी विचारलं.

“इंग्रजी सिनेमे,” मी म्हणाले. विणकाम म्हटलं असतं तर नमुना मागितला असता, गाणं म्हटलं असतं तर गायला लावलं असतं. सिनेमाचं कुणी काय मागणार?

“कोणता बघितला?”

मी नाव सांगितलं.

“गोष्ट सांग.”

मी सांगितली. डॉक्टर, हवापालट, बोट, उंट. अप्पा हळूहळू खुर्चीच्या पुढच्या काठावर आले. हा माणूस जन्मात परभणीच्या पलीकडे गेला नव्हता, हे मला तेव्हा माहीत नव्हतं. मी हत्तीपर्यंत आले, साहेबाला नदीत बसवलं आणि थांबले.

“पुढे?”

पुढे समोसे होते. ते सांगण्यासारखं नव्हतं. माझे वडील माझ्याकडे कौतुकाने बघत होते. श्रीकांत तिसऱ्यांदा पोहे घेत होता. समोर भिंतीवर माशाच्या तेलाच्या औषधाचं कॅलेंडर लटकत होतं.

“पुढे,” मी म्हणाले, “देवमासा येतो.”

“नदीत?”

“वाहत वाहत समुद्रात जातात ना ते, हत्तीसकट.”

अप्पांनी मान डोलावली. मग काय, एका बोटीने दोघांना उचललं, देवमाशाने ती उलटवली, वादळ झालं, साहेब जपानला लागला, स्वयंपाक्याने तिथल्या पैलवानाशी कुस्ती केली, ज्वालामुखी फुटला, आणि बर्फातून घसरत घसरत दोघे एकदाचे घरी पोचले. मी घामाघूम झाले. अप्पांनी जाताना मध्यस्थांना सांगितलं, “मुलीची जबानी पक्की आहे. कुठे अडखळली नाही. मला मंजूर.” श्रीकांतला कुणी विचारलं की नाही, हे मला आजही ठाऊक नाही.

लग्न होऊन मी तारनाक्याला आले. अप्पा तोवर रिटायर झाले होते. पहिल्याच रविवारी जेवणं झाल्यावर ते शाळेतला जुना नकाशांचा संग्रह आणि लाल पेन्सिल घेऊन बसले. “सूनबाई, ती साहेबाची गोष्ट परत सांग. सावकाश. मी रस्ता आखतो.”

भूगोलात मला कायम काठावर पास केलेलं. साहेब जपानहून निघाला तो माझ्या तोंडून इजिप्तला पोचला.

“उलटा कसा गेला?” अप्पांची पेन्सिल थांबली.

“वादळ आलं.”

पेन्सिल इजिप्तकडे वळली. माझ्या गोष्टीत जितकी वादळं झाली तितकी बंगालच्या उपसागराने पाहिली नसतील. मला वाटलं, एकदा सांगून सुटले. पण दर रविवारी नाही तरी रविवाराआड ही बैठक ठरूनच गेली. पुढे अप्पांचे कोर्टातले जुने स्नेही मोईनसाब येऊ लागले. ते पान लावून ऐकायचे, आणि देवमासा आला की “वाह” म्हणायचे. श्रोते वाढले की प्रसंग वाढतात. पाच वर्षांत मी त्या साहेबाला इतकं फिरवलं, की त्या नकाशावर समुद्र कमी आणि लाल रेघा जास्त दिसायच्या.

मला त्याची काही चिंता नव्हती. तो सिनेमा पुन्हा कुठे लागणार होता? घरात दूरदर्शनचं एक चॅनेल, त्यावर शेतीचे कार्यक्रम. मी निर्धास्त होते.

मग देशाने दारं उघडली.

आमच्या गल्लीपुरतं बोलायचं तर ती यादगिरीने उघडली. हा चाळिशीचा, खांद्यावर वायरीचं भेंडोळं आणि स्कूटरला बांधलेली शिडी घेऊन हिंडणारा केबलवाला. त्याने गच्चीवर डिशचा भलामोठा तवा बसवला, पेरूच्या झाडांवरून, गॅलऱ्यांतून, कुणाच्या वाळत घातलेल्या लुंगीखालून काळी वायर ओढली, आणि महिन्याभरात तारनाक्याच्या बायका परदेशी बातम्या बघत भाजी निवडू लागल्या. अप्पांनी पहिल्या दिवशी विरोध केला, दुसऱ्या दिवशी कनेक्शन घेतलं, तिसऱ्या दिवशी यादगिरीला साहेबाच्या सिनेमाचं नाव सांगून ठेवलं.

आणि एका गुरुवारी यादगिरी फाटकातूनच ओरडला, “साब, तुम्हारा वो दुनिया घूमने का पिक्चर आरा. संडे, ग्यारा बजे. इंग्लिश चॅनेल पे.”

मी हातातली परात खाली ठेवली. नाही, पडली.

अप्पा एखादा हुकूम निघावा तसे बाहेर आले. “नक्की तोच?”

“हौ साब. नाम पढ के आया मैं.”

त्या संध्याकाळपर्यंत अप्पांनी अख्ख्या गल्लीला आमंत्रण दिलं. मोईनसाब, समोरच्या शारदम्मा आणि त्यांच्या दोन जावा, खालचे बिऱ्हाडकरू, देवळातले गुरुजी. प्रत्येकाला एकच वाक्य: “सिनेमा इंग्रजी आहे, पण घाबरू नका, आमच्या सूनबाईंना तोंडपाठ आहे.”

श्रीकांत मला म्हणाला, “तुझा चेहरा का असा?”

“अहो, पित्त झालंय,” मी म्हणाले.

शुक्रवारी मी पहिली युक्ती केली. अप्पांना सांगितलं, अंबरपेठेत आईची तब्येत बरी नाही, रविवारी मला जायलाच हवं. मी नसले की भाषांतर नाही. भाषांतर नाही की कुणाला काही कळणार नाही. अप्पांचा चेहरा उतरला. मला क्षणभर वाईट वाटलं. पण ते पेशकार. त्यांनी लगेच तोड काढली. शनिवारी सकाळी श्रीकांतला रिक्षा करून अंबरपेठेला पाठवलं, आणि तासाभरात माझी आई ठणठणीत अवस्थेत, लाडवांचा डबा घेऊन आमच्या दारात उतरली.

“काय गं शैला, मला काय झालंय म्हणे?” आई सगळ्यांसमोर म्हणाली.

“आता बरी दिसतेस,” मी म्हणाले.

“मला काही झालंच नव्हतं.”

“बघा, हवापालट,” अप्पा म्हणाले, आणि स्वतःच्या विनोदावर बराच वेळ हसले.

रविवारी सकाळी मी दुसरी युक्ती केली. कपडे वाळत घालायच्या निमित्ताने गच्चीवर गेले आणि केबलच्या वायरीचा जोड हिसकून काढला. खाली आले, टीव्हीवर नुसत्या मुंग्या. मी चेहऱ्यावर दुःख आणलं. पाच मिनिटांत शारदम्मा धावत आल्या. “एमंडी, हमारा भी गया.” मागून खालचे बिऱ्हाडकरू. मी एका घराची म्हणून जी वायर उपसली, ती अख्ख्या रांगेची निघाली.

एरवी या यादगिरीला बोलावलं तर तो तिसऱ्या दिवशी उगवायचा. (एकदा क्रिकेटच्या सामन्यात पहिल्या दिवशी तक्रार केली, तो सामना संपल्यावर आला आणि कोण जिंकलं ते सांगून गेला.) त्या दिवशी तो शिडीसकट आमच्या पायरीवर बसून चहा पीत होता. अप्पांनीच सकाळपासून बसवून ठेवला होता. तो वर गेला, नवा जोड बसवला, वर चिकटपट्टी गुंडाळली आणि खाली येऊन मला म्हणाला, “अम्मा, टेन्शन नक्को. अब तो खींचे तो भी नै निकलता.” चित्र पूर्वीपेक्षा स्वच्छ दिसायला लागलं.

अकरा वाजता आमच्या बैठकीच्या खोलीत वीस-बावीस माणसं होती. पुढे सतरंजीवर बायका, मागे खुर्च्यांवर पुरुष, दारात चपलांचा ढीग. सासूबाईंनी सगळ्यांना चहा दिला. अप्पा मधोमध, मांडीवर नकाशा. मला टीव्हीशेजारी स्टुलावर बसवलं होतं, तोंड लोकांकडे. साक्षीदाराच्या पिंजऱ्यात आणि त्या स्टुलात फरक एवढाच, की पिंजऱ्याला धरायला कठडा असतो.

पहिला अर्धा भाग फार सुंदर गेला. डॉक्टर आला, हवापालट आली, बोट आली. “आता उंट थुंकणार,” अप्पा म्हणाले, आणि उंट थुंकला. लोकांनी अप्पांकडे आदराने पाहिलं, अप्पांनी माझ्याकडे. माझी आई शारदम्माला म्हणाली, “लहानपणापासूनच हुशार आहे.” हत्ती नदीत बसला तेव्हा टाळ्या पडल्या.

मी देवाला एकच मागत होते, वीज जाऊ दे. आमच्याकडे वीज रोज जायची. वाटण वाटताना जायची, इस्त्री करताना जायची. गेल्या आठवड्यात सत्यनारायणाच्या आरतीला गेली होती. त्या दिवशी ती जराही हलली नाही.

मध्येच चित्र बदललं. दिलसुखनगरच्या एका साडीच्या दुकानाची जाहिरात लागली. एक बाई एकामागून एक साड्या अंगावर टाकून गोल फिरत होती. हे यादगिरीचं नेहमीचं होतं. दुकानदार त्याच्या बायकोचा भाऊ. जो कार्यक्रम चालू असेल त्याच्या पोटात तो ही साडीवाली घुसवायचा. शारदम्माच्या जावांनी साड्यांवर चर्चा केली, गुरुजींनी लाडू खाल्ला. जाहिरात संपली आणि सिनेमाचा दुसरा भाग सुरू झाला.

तो मी आयुष्यात पहिल्यांदा पाहत होते.

साहेब एका बंदरावर होता. ठणठणीत, कोरडा. समोर एक विधवा बाई. साहेब तिच्याशी बोलत होता. बराच वेळ बोलत होता. मग ते बागेत फिरले. मग ते परत बोलले.

“काय म्हणतोय?” मागून कुणीतरी विचारलं.

“देवमाशाचंच विचारतोय,” मी म्हणाले. “की दिसला का.”

“पेशकार साब, वो मछली कब आती?” मोईनसाबांनी विचारलं.

“आएगी,” अप्पा म्हणाले. पेन्सिल हत्तीच्या नदीवर टेकवून ते वाट बघत होते.

मासा आला नाही. साहेबाने त्या बंदरावर एक खानावळ उघडली, स्वयंपाकी तिथे रमला, विधवेशी साहेबाचं लग्न ठरलं. वादळाचं सोडा, साधी वाऱ्याची झुळूक आली नाही. जपान नाही, पैलवान नाही. मी दहा-पंधरा मिनिटं “आता आठवण काढतोय”, “आता पुढचं ठरवतोय” असं काहीबाही जोडत राहिले, मग माझा घसाच बसला. शेवटी साहेब, बायको आणि स्वयंपाकी एका आगगाडीत बसले, घरी पोचले, डॉक्टर त्यांना बघून बेशुद्ध पडला, आणि सिनेमा संपला.

मी स्टुलावर बसून अप्पांकडे बघत होते. ते नकाशाकडे बघत होते. पाच वर्षांच्या लाल रेघा एकेक करून तपासत होते. म्हातारा माणूस, सकाळपासून सजून बसलेला, गल्लीला बोलावलेलं. मला वाटलं, आता हे मान वर करतील आणि मला म्हणतील, उठ.

अप्पांनी मान वर केली.

“कापलाय,” ते म्हणाले.

“काय?” मी म्हणाले.

“सिनेमा कापलाय. मधला अख्खा हिस्सा गायब. त्या साडीवालीच्या वेळेला. यादगिरीला हाजिर करा.”

यादगिरी बाहेर पायरीवरच होता. त्याला आत आणलं. शिडी हातात तशीच. अप्पांचा आवाज एकदम कोर्टातला झाला.

“साडी की जाहिरात कौन लगाया?”

“मैं लगाया साब.”

“उस वक्त पिक्चर चल रा था?”

“हौ, चल रा था, लेकिन...”

“बस. उसी में सब गया. मछली गई, जपान गया, ज्वालामुखी गया.”

“ज्वालामुखी?” यादगिरी म्हणाला. “साब, कसम से. गुट्टे के नरसिंहस्वामी की कसम. मैं ज्वालामुखी को हात नै लगाया.”

पण लोक तापले होते. त्यांचाही देवमासा बुडाला होता. खालचे बिऱ्हाडकरू म्हणाले, हा नेहमीच असं करतो, मागे आमची मालिका अर्धी खाल्ली. शारदम्मांची जाऊ म्हणाली, मागच्या गल्लीत दुसरा केबलवाला आहे, चांगला आहे. सगळ्यांनी मिळून ठरवलं, उद्यापासून गल्लीतली सगळी कनेक्शन बंद. अप्पा म्हणाले, “मी रीतसर अर्ज लिहितो. सूनबाई साक्षीदार म्हणून सही करील.”

यादगिरीचा चेहरा पांढरा पडला. एवढा मोठा माणूस, पण आवाज चिरकला. “साब, इत्ती सी गली मेरी. दो बच्चियां पढते मेरी. अम्मा,” तो माझ्याकडे वळला, “आप तो बोलो.”

आता मात्र माझ्याने बसवेना. मी स्टुलावरून उठले.

“अप्पा, त्याने काही कापलं नाही. देवमासा त्या सिनेमात नाहीच. तो मी रचला.”

मी एका दमात पुढचंही सांगून टाकलं.

“मी अर्धाच सिनेमा पाहिला होता. पुढचं सगळं मनाचं. जपान मनाचं, कुस्ती मनाची, वादळं सगळी मनाची. आज सकाळी वायरसुद्धा मीच काढली. मला माफ करा.”

अप्पांनी चष्मा काढून पुसला, पुन्हा घातला, माझ्याकडे नीट बघितलं. मग त्यांच्या डोळ्यांत पाणी आलं.

“बघितलंत?” ते मोईनसाबांना म्हणाले. “एका गरिबाची रोटी वाचावी म्हणून पोर सगळं स्वतःच्या अंगावर घेते.”

“वाह,” मोईनसाब म्हणाले. देवमाशाला म्हणायचे तसंच.

“अप्पा, मी खरं सांगतेय.”

“सूनबाई, जिंदगीभर साक्षीदार ऐकले मी. पाच वर्षं तू ही गोष्ट सांगताना माझ्या डोळ्यांत बघून सांगितलीस. आता सांगताना नजर जमिनीवर. मला शिकवू नक्को.”

“मी तास चुकवून सिनेमाला गेले होते, इंटरव्हलला पळून आले,” मी जवळजवळ ओरडले. “आईला विचारा.”

“माझी मुलगी?” आई ताडकन म्हणाली. “तास चुकवून? हिने उभ्या आयुष्यात तास चुकवला नाही. काहीतरीच काय बोलतेस गं चारचौघांत.”

“अहो, तुम्ही तरी सांगा,” मी श्रीकांतला म्हणाले.

श्रीकांतने शांतपणे विचार केला. त्याने तो करायला नको होता. “शैला, रागावू नकोस, पण एवढं सगळं तुला सुचणं शक्य नाही. तुला बहिणीला पत्र लिहायचं तर दोन ओळींनंतर काय लिहू म्हणून मला विचारतेस.”

सगळ्यांनी माना डोलावल्या. मी भांडले. हात जोडून सांगितलं. कॅलेंडरचं सांगितलं. मला खोटं बोलता येतं, चांगलं बोलता येतं, हे मी वीस माणसांना पटवायचा प्रयत्न करत होते आणि ती माझ्याकडे दयेने बघत होती. शारदम्मांनी येऊन माझ्या डोक्यावरून हात फिरवला. गुरुजींनी उरलेला लाडू मला दिला.

आणि तेव्हा यादगिरीने शिडी भिंतीला टेकवली, पुढे येऊन माझे पाय धरले.

“अम्मा, मेरे वास्ते इत्ता झूट नक्को बोलो. पाप लगता मेरेकु.” मग अप्पांकडे वळून, मान खाली घालून म्हणाला, “साब, काटा मैं. दस मिनट काटा. साले की साडी के वास्ते.”

अरे माणसा, दहा मिनिटांत काय काय मावणार?

पण तिथे कुणाला हिशेब करायचा नव्हता. अप्पा उभे राहिले. एक हात नकाशावर ठेवला. देवमासा, जपान, कुस्ती, इजिप्त, ज्वालामुखी आणि बर्फ हे सगळं त्या दहा मिनिटांत होतं, हे त्यांनी एका वाक्यात जाहीर केलं. मग म्हणाले, “गुन्हा कबूल झाला. पण सूनबाईच्या मोठ्या मनाकडे बघून माफी. कनेक्शन चालू राहतील.” लोकांनी समाधानाचा श्वास सोडला. मोईनसाब जाताना मला म्हणाले, “बेटी, अगले इतवार को वो कटा हुआ हिस्सा आप ही सुना देना.” आई जाताना म्हणाली, “सासरी इतकं चांगलं वागू नये गं. लोक गैरफायदा घेतात.”

सगळे गेल्यावर मी आणि सासूबाई स्वयंपाकघरात कपबशा विसळत होतो. माझं डोकं ठणकत होतं. चौथी की पाचवी बशी पुसताना त्या अगदी सहज म्हणाल्या, “अर्धाच बघितला होतास ना?”

दिवसभरात माझं खरं मानणारं पहिलं माणूस भेटलं होतं. मला रडूच आलं. “आई, तुम्हाला कसं कळलं?”

“कळायचं काय त्यात? सकाळी आपल्याकडे वांग्याची भाजी असली की दुपारी त्या बोटीवर स्वयंपाकी वांगीच करायचा. तिसऱ्या रविवारी माझ्या लक्षात आलं.”

“मग इतकी वर्षं बोलला का नाहीत?”

सासूबाईंनी फडकं पिळलं. “हे रिटायर झाल्यापासून दिवसभर माझ्या मागे असतात. डाळ अशी का निवडलीस, डबा इकडे का ठेवलास, कुकरच्या शिट्ट्या मोजल्यास का. सगळी उलटतपासणी. एक रविवारची दुपार तेवढी तुझा तो साहेब यांना दूर नेतो आणि मला दोन तास पाठ टेकता येते.” मग त्यांनी पहिल्यांदा माझ्याकडे नजर रोखून बघितलं. “आणि आज तू भरल्या खोलीत खरं सांगायला निघालीस. बरं तर बरं, कुणी विश्वास ठेवला नाही. शैला, घरातल्या माणसांचा जरा तरी विचार करावा माणसाने.”

त्यांचं म्हणणं अगदी रास्त होतं. मी त्यांची माफी मागितली, यापुढे या घरात कधी खरं बोलणार नाही असा शब्द दिला, आणि तो आजतागायत पाळला आहे.